टीमसाठी पैसे सोडायचे, पण सोडलेले पैसे जातात कुणाकडे?

पत्र:

मी मूळची नाशिकची, आता कॅनडात, टोरंटोजवळच्या मिसिसागात राहते. एका मालवाहतूक कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. पहिली काही वर्षं कंपनीशी बांधलेल्या वर्क परमिटवर काढली, गेल्या वर्षी पीआर (कायम वास्तव्याचा हक्क) मिळाला. यंदा टीममधले दोघं सोडून गेले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही, काम माझ्याकडे आलं. म्हणून अप्रेझलला पंधरा टक्के वाढ मागितली. मॅनेजर भला माणूस आहे, टोरंटोच्या आइस हॉकी टीमचा, मेपल लीफ्सचा कट्टर चाहता. मला हॉकीचं वेड लावलं तेही त्यानेच. तो म्हणाला, "बजेट ठरलेलं आहे, ही आपली सॅलरी कॅप समज. मॅकडेव्हिडने टीमसाठी पैसे सोडले, टवारेसने सोडले. तूही टीमचा विचार कर." (हे दोघं हॉकीतले बडे खेळाडू, आणि सॅलरी कॅप म्हणजे टीमच्या एकूण पगारांवरची मर्यादा.) आणि दोन टक्के देऊ केले. नवरा म्हणतो, गुपचूप घे, मार्नरसारखी पैशामागे धावू नकोस. मार्नर टोरंटो सोडून व्हेगसच्या टीमकडे गेला तेव्हा त्याला लोभी म्हणणारी मीच होते. आता ओकव्हिलच्या एका कंपनीकडून रिक्रूटरचा फोन आलाय. मी लोभी आहे का? आणि ही कॅप खरंच अशी असते का?
— हॉकीवेडी, मिसिसागा

उत्तर:

प्रिय हॉकीवेडी,

नाही, तुम्ही लोभी नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला निवांतपणे वाचता येईल. तुमच्या मॅनेजरचा हेतू वाईट असेल असंही मी म्हणत नाही. पण त्याने हॉकीतलं अर्धंच उदाहरण तुमच्यापुढे ठेवलंय, आणि तुमच्या उपयोगाचं आहे ते उरलेलं अर्धं.

एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकीच्या मुख्य लीगमध्ये, सॅलरी कॅप सुखासुखी आली नाही. २००४-०५ चा अख्खा मोसम मालकांच्या टाळेबंदीत वाया गेला, त्या वर्षी स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, कुणालाच मिळालं नाही. खेळाडूंना कॅप नको होती. मालकांना हवी होती, कारण चांगल्या खेळाडूसाठी एकमेकांवर चढाओढ करणं त्यांना स्वतःहून थांबवता येत नव्हतं. शेवटी २००५-०६ पासून प्रत्येक टीमला ३ कोटी ९० लाख अमेरिकी डॉलरची मर्यादा पडली. पण खेळाडूंनी ती फुकट मान्य केली नाही. बदल्यात हॉकीतून लीगला होणाऱ्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा त्यांनी आपल्या नावे लिहून घेतला. आज तो हिस्सा निम्मा आहे. सगळ्या खेळाडूंचे पगार मिळून निम्म्याच्या वर गेले, तर त्यांच्याच पगारातून एस्क्रो म्हणून कापून ठेवलेल्या रकमेतून मालकांची भरपाई होते. टीमला वर मर्यादा आहे तशी खालीही आहे. २०२५-२६ च्या मोसमासाठी वरची रेघ ९ कोटी ५५ लाख डॉलरची, तर खालची ७ कोटी ६ लाखांची. त्याहून कमी खर्च करून मालकाला पैसे वाचवता येत नाहीत. एका खेळाडूला कॅपच्या वीस टक्क्यांहून जास्त देता येत नाही. आणि यातला जवळजवळ प्रत्येक आकडा तुम्हाआम्हाला घरबसल्या पाहता येतो.

आपल्याकडे आयपीएलच्या टीमलाही पैशाची मर्यादा असते. २०२५ च्या मोठ्या लिलावात ती प्रत्येकी १२० कोटी रुपये होती, आणि ऋषभ पंतला लखनौने २७ कोटींना घेतलं. पण लिलावात खेळाडू बोलू शकत नाही, बोली लागते ती मान्य करायची. हॉकीत खेळाडू एजंटला घेऊन समोर बसतो, रक्कम, मुदत, बोनस, बदली नाकारायचा हक्क असं सगळं मागतो. म्हणून तिथे 'सोडलं' आणि 'घेतलं' हे शब्द वापरता येतात.

आता कॅपमुळे नेमकं काय होतं ते पाहा. पंगतीत एकच पातेलं फिरतंय आणि भात मोजका आहे. पहिल्या पानावर डोंगर वाढला तर शेवटच्या पानावर वाडगाभरही उरत नाही. २०१९-२० मध्ये टोरंटोत हेच झालं. टवारेसला वर्षाला १ कोटी १० लाख डॉलर, मॅथ्यूजला १ कोटी १६ लाखांच्या वर, मार्नरला जवळपास १ कोटी ९ लाख, नायलँडरला ७० लाखांच्या आसपास. चौघांचे मिळून सुमारे ४ कोटी ५ लाख, आणि कॅप होती ८ कोटी १५ लाख. म्हणजे निम्मी कॅप चौघांत संपली आणि उरलेल्या एकोणीस-वीस जणांना दुसऱ्या निम्म्यात बसवायचं होतं. हे करार करताना टीमने धरलं होतं की कॅप दरवर्षी वाढत जाईल. मग कोविड आला, प्रेक्षकांविना सामने झाले, आणि कॅप २०२१-२२ पर्यंत ८ कोटी १५ लाखांवरच अडकून राहिली. मार्नरवरचा तुमचा राग समजू शकते मी. पण त्या रागातला बराचसा भाग त्या गोठलेल्या आकड्याच्या खात्यावर जायला हवा.

या चौकटीत मॅकडेव्हिड काय करतो ते नीट वाचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने एडमंटनशी दोन वर्षांचा नवा करार केला, वर्षाला १ कोटी २५ लाख डॉलर. २०१७ साली सही केलेल्या आठ वर्षांच्या करारातही वर्षाची सरासरी हीच होती. २०२६-२७ ची कॅप १० कोटी ४० लाख आहे, म्हणजे नियमाने तो याहून कितीतरी जास्त मागू शकला असता. त्याच्या काहीच दिवस आधी मिनेसोटाच्या किरिल काप्रिझोव्हने आठ वर्षांसाठी वर्षाला १ कोटी ७० लाखांवर सही केली होती. त्यामुळे मॅकडेव्हिडने सोडलं हे खरंच आहे, आणि भरपूर सोडलं. पण ते कुठे गेलं? त्याच टीमच्या त्याच कॅपमध्ये. ड्रायसाइटलला १ कोटी ४० लाख, बुशार्डला १ कोटी ५ लाख असे पगार असलेल्या टीमला आणखी चांगले खेळाडू ठेवता यावेत म्हणून. एडमंटन २०२४ आणि २०२५ अशा लागोपाठ दोन वर्षी फ्लोरिडाकडून अंतिम फेरीत हरलं होतं, आणि मॅकडेव्हिडला कप हवाय.

आणखी एक गोष्ट तुमच्या मॅनेजरने सांगितली नाही. मॅकडेव्हिडने रक्कम सोडली, पण मुदत स्वतःच्या हातात ठेवली. आठ वर्षांचा करार सहज मिळाला असता, त्याने दोनच वर्षांचा घेतला. २०२८ च्या उन्हाळ्यात तो एकतीस वर्षांचा असेल, पुन्हा मोकळा असेल, आणि तोवर २०२७-२८ साठी कॅप ११ कोटी ३५ लाखांवर गेलेली असेल. म्हणजे त्याने क्लबला सांगितलं, तुम्हाला स्वस्तात दोन वर्षं देतो, त्यात जिंकायची टीम उभी करा, नाहीतर मी मोकळा आहे. कमी घ्यायचं ते असं, बदल्यात काहीतरी घेऊन.

टवारेस तर तुमच्याच मिसिसागात जन्मलेला. २०१८ मध्ये तो न्यूयॉर्क सोडून घरी आला तेव्हा सात वर्षांचे ७ कोटी ७० लाख घेतले होते. ते सगळे वसूल झाल्यावर, पस्तिशीच्या उंबरठ्यावर, २०२५ मध्ये त्याने चार वर्षांसाठी वर्षाला साधारण ४३ लाख ८० हजारांवर सही केली. हा कारकिर्दीच्या उतरणीवरचा करार आहे. तुमची चढण आत्ता कुठे सुरू होतेय. तीच गोष्ट पिट्सबर्गच्या क्रॉस्बीची. तो वर्षानुवर्षं ८७ लाखांवर खेळतोय, पण त्यातला मोठा करार एकट्याने १० कोटी ४४ लाखांचा होता, बारा वर्षांचा. त्या माणसांच्या मनाचा मोठेपणा मी जराही कमी लेखत नाही. फक्त तुमच्यापुढे त्यांचं उदाहरण ठेवणाऱ्याने तुम्हालाही तेवढं स्थैर्य द्यायला हवं.

आता तुमचं ऑफिस. तिथे पगाराची एकूण मर्यादा किती, हे तुम्हाला कुणी दाखवलंय का? किमान किती खर्च करायचाच, अशी खालची रेघ आहे का? कंपनीच्या नफ्यातला निम्मा वाटा कर्मचाऱ्यांचा, असं कुठे लिहिलंय का? यातलं काही नसेल तर त्या बजेटला कॅप म्हणता येत नाही. तो फक्त एका बाजूने ठरवलेला आकडा आहे. तुम्ही तेरा टक्के सोडलेत तर ते शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मिळणार आहेत का, हे विचारा. मिळणार असतील तर मी माझा सूर बदलेन. मिळणार नसतील, तर तुम्ही टीमसाठी काही सोडत नाही आहात, मालकासाठी सोडताय.

आणि तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी पुन्हा पुन्हा थांबले: दोघं सोडून गेले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. हॉकीत दोन खेळाडू गेले की त्यांच्या पगाराएवढी जागा त्याच दिवशी कॅपमध्ये रिकामी होते, आणि ती कशी वापरायची यावर शहरभर चर्चा सुरू होते. मॅनेजरला कॅपचीच भाषा आवडत असेल तर त्याच भाषेत, शांतपणे विचारा: "त्या दोघांच्या पगाराची जागा सध्या कुठे आहे?" पंधरा टक्के हा त्या दोन पगारांचा अगदी लहानसा तुकडा असेल.

इतकं सगळं उघड बोलायला आपल्याला जड जातं, हे मला ठाऊक आहे. गॉर्डी हाऊला 'मिस्टर हॉकी' म्हणत. १९४६ पासून तो डेट्रॉइटसाठी खेळत होता आणि टीममध्ये सगळ्यात जास्त पगार आपलाच, असा त्याचा विश्वास होता, कारण मालकांनी तसं भासवलं होतं. १९६८ मध्ये नव्याने आलेल्या बॉब बॉनने त्याला सांगितलं की आपल्याला ६७ हजार डॉलर मिळतात. हाऊला ४५ हजार मिळत होते. चाळिशीतल्या, त्या खेळातल्या सर्वांत थोर माणसाला हे एका सहकाऱ्याकडून कळलं. त्यानंतर त्याने एक लाख मागितले आणि त्याला मिळाले. त्याचाच जुना जोडीदार टेड लिंडसे याने १९५७ मध्ये खेळाडूंची संघटना उभी करायला घेतली, तर त्याला उचलून शिकागोला पाठवण्यात आलं. हाऊची गोष्ट वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं, कारण त्याने कुणावर अविश्वास दाखवला नव्हता. त्याने फक्त विचारलं नव्हतं. पुढे १९९० च्या आसपास खेळाडू संघटनेने पगार खुले केले आणि मग ते झपाट्याने चढले. तुमच्या नवऱ्याला हेही सांगा की हाऊचे व्यवहार नंतर त्याच्या बायकोने, कोलीनने, हातात घेतले आणि उत्तम सांभाळले.

तुमच्याकडे हाऊपेक्षा जास्त साधनं आहेत. १ जानेवारी २०२६ पासून ऑन्टारिओत पंचवीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला जाहिरात दिलेल्या जागेच्या पगाराची कक्षा जाहीर करावी लागते, आणि ती ५० हजार डॉलरहून रुंद ठेवता येत नाही. फार वरच्या पगारांना हा नियम लागू नाही, पण तुमच्या पदाला तो लागू असणार. तुमच्या कंपनीने आणि तिच्या स्पर्धकांनी तुमच्यासारख्या पदासाठी काय छापलंय ते शोधा, तारखेसह जपून ठेवा. समान कामाला समान वेतन मिळतंय का, हे तपासण्यासाठी सहकाऱ्याला पगार विचारला म्हणून मालकाला तुमच्यावर कारवाई करता येत नाही, हेही तिथल्या कायद्यात आहे. गावाकडे एखादा लांबचा पाहुणा आपल्याला पहिल्याच भेटीत पगार विचारतो, आणि आपण मात्र रोज सोबत काम करणाऱ्या माणसाला कधीच विचारत नाही.

पीआरबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण सगळ्यात मोठा बदल तोच आहे. हॉकीत तरुण खेळाडूचा पहिला करार संपला तरी तो लगेच मोकळा होत नाही. त्याचे हक्क टीमकडेच राहतात, त्याला रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट म्हणतात. सर्वसाधारणपणे सत्तावीस वर्षं वय किंवा सात मोसम भरले की तो पूर्ण मोकळा होतो. नायलँडर २०१८ मध्ये अडकला तो यातच. मोसम सुरू झाला तरी तो सहीविना स्वीडनमध्ये थांबला. १ डिसेंबरला संध्याकाळी पाचपर्यंत सही झाली नसती तर नियमाने त्याचं ते वर्ष बुडालं असतं. अगदी शेवटच्या मिनिटांत करार झाला. कंपनीशी बांधलेल्या परमिटवर असताना तुमची स्थिती अशीच होती, नव्हे, त्याहून बिकट. तेव्हा तुम्ही गप्प बसलात ते शहाणपणाचं होतं. आता तुम्ही मोकळ्या आहात, पण कंपनी तुमच्याशी अजून जुन्या हिशेबाने वागतेय, आणि मला वाटतं, तुम्हीही स्वतःशी तसंच वागताय.

ओकव्हिलच्या फोनचं काय करायचं? फोन म्हणजे ऑफर नव्हे. तो मॅनेजरच्या तोंडावर फेकू नका. मुलाखत द्या, हातात कागद येऊ द्या. ऑगस्ट २०२४ मध्ये सेंट लुईसने एडमंटनच्या ब्रोबर्ग आणि हॉलोवे या दोन तरुणांना ऑफर शीट, म्हणजे दुसऱ्या टीमच्या खेळाडूला द्यायचा कराराचा प्रस्ताव, दिली. अशा वेळी जुन्या टीमला सात दिवस मिळतात: तेवढेच पैसे द्या, नाहीतर ड्राफ्टमधल्या निवडी (नवे तरुण खेळाडू निवडायचे हक्क) घेऊन खेळाडू सोडा. एडमंटनने दोघांनाही सोडलं. हॉलोवेने पुढच्याच मोसमात ६३ गुण (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) मिळवले, म्हणजे त्याचं भलंच झालं. पण हे लक्षात ठेवा की कागद दाखवला की समोरचा "जा" म्हणू शकतो. खरंच जायची तयारी असेल तरच तो दाखवा. तयारी नसेल, तर नुसत्या स्वतःच्या कामाच्या जोरावर बोला. त्यातही पुष्कळ जोर आहे.

आकडे ताडताना हातात काय पडतं ते पाहा. मार्नर टोरंटोतल्या शेवटच्या मोसमात १०२ गुण मिळवून व्हेगसला गेला, आठ वर्षांसाठी वर्षाला १ कोटी २० लाखांवर. ऑन्टारिओत वरच्या उत्पन्नावर कराचा दर ५३ टक्क्यांच्या पुढे जातो, नेवाडात राज्याचा आयकरच नाही. खेळाडूंचा कर दौऱ्यांमुळे वेगवेगळ्या ठिकाणी वाटला जातो, तरी फरक मोठा राहतो. म्हणून सारख्या दिसणाऱ्या रकमा सारख्या नसतात. तुमच्या बाबतीत हे म्हणजे आरोग्य विमा, निवृत्ती खात्यात कंपनी घालते तो वाटा, सुट्ट्या, घरून काम, आणि ओकव्हिलचा रोजचा रस्ता.

मॅनेजरकडे मूळ पगार वाढवायला खरंच जागा नसेल, असंही होऊ शकतं. मग दुसरे रस्ते विचारा. टवारेसच्या २०१८ च्या करारात पहिल्या वर्षी बोनससकट सुमारे १ कोटी ५९ लाख त्याच्या हाती आले, कॅपच्या हिशेबात मात्र वर्षाची सरासरी, म्हणजे १ कोटी १० लाखच धरले गेले. नियम पाळूनही रचना बदलता येते. (हे अतिरेकाला नेलं की अंगाशी येतं. २०१० मध्ये न्यू जर्सीने कोवाल्चुकला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंतचा, सतरा वर्षांचा करार दिला, शेवटची वर्षं नाममात्र पगाराची ठेवून सरासरी खाली आणली. लीगने तो फेटाळला आणि लवादानेही लीगचीच बाजू घेतली.) तुमच्यासाठी एकरकमी बोनस, वरचं पदनाम, कोर्सची फी किंवा जास्तीची रजा हे सगळं वेगवेगळ्या खात्यांतून येतं. 'पगारात जागा नाही' म्हणणारा मॅनेजर यातलं काहीतरी बहुतेक वेळा मिळवून देऊ शकतो.

नवऱ्याशी भांडू नका. परदेशात हप्ते चालू असताना हातची नोकरी हलवायची नाही, ही भीती खरी असते आणि ती 'लोभ' या शब्दाच्या आडून बोलते. त्याच्यासोबत एका संध्याकाळी बसा, घरखर्चाचे किती महिने हाताशी आहेत ते मोजा. तो आकडा समोर आला की तुम्हा दोघांनाही किती ताणायचं ते कळेल.

मग मॅनेजरची वेळ मागा. त्या दोघांचं कोणतं काम तुम्ही कधीपासून करताय, त्याची एक पानाची यादी न्या. पंधरा टक्के मागा आणि गप्प राहा, त्याला बोलू द्या. माझ्या मते दहा टक्के आणि वरचं पदनाम मिळालं तर घ्यावं. सहा-सात टक्क्यांवर आला तर मॅकडेव्हिडसारखी मुदत आखडून घ्या: सहा महिन्यांनी फेरविचार, किती वाढीचा ते आणि तारीख ईमेलवर. तोंडी शब्दावर उठू नका, माणूस भला असला तरी. पुढच्या वर्षी त्याच्या खुर्चीत दुसरं कुणी असू शकतं. दोन टक्क्यांवरच अडून राहिला तर ओकव्हिलच्या मुलाखतीची तयारी त्याच रात्री सुरू करा.

आणि वाढ कितीही मिळो, रिकाम्या दोन जागा कधी भरणार याची तारीख त्याच बैठकीत मागून घ्या. तीन माणसांचं काम पंधरा टक्क्यांत वर्षभर ओढणं, हा सौदा मी तुम्हाला करू देणार नाही.